सोलापुरातला अठ्ठावीस नावांचा तक्ता: पाहुणा फायटर ओळखताना काय चुकलं

प्रकरण असं आहे. २२ मे २०२४ रोजी कॅपकॉम कंपनीच्या स्ट्रीट फायटर ६ या हाणामारीच्या व्हिडिओ गेममध्ये अकुमा आला आणि पहिल्या वर्षाचे चारही जादा कॅरेक्टर पूर्ण झाले: रशीद, ए.के.आय., एड आणि अकुमा. दुसऱ्या वर्षाचे चौघे कोण, हे कॅपकॉम आता कधीही सांगणार होतं. जुळे सोलापुरातल्या एका गेमिंग पार्लरमध्ये दर रविवारी जमणाऱ्या सात जणांनी भिंतीवर ड्रॉइंग पेपर चिकटवला. प्रत्येकाने चार नावं लिहायची, एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, आणि ज्याची सगळ्यात कमी बरोबर निघतील त्याने सगळ्यांना नाश्ता द्यायचा. ही मंडळी आणि त्यांचा तक्ता नमुन्यासाठी रचलेला आहे. खेळ, कंपन्या, तारखा आणि कॅरेक्टर मात्र खरे आहेत.

सात गुणिले चार म्हणजे अठ्ठावीस नावं. सॅगॅट सहा वेळा, एम. बायसन पाच वेळा. सी. वायपर, साकुरा, अ‍ॅलेक्स आणि टेक्केनचा काझुया प्रत्येकी तीनदा. एलेना, माकोतो, डेव्हिल मे क्रायचा दांते, मॉर्टल कॉम्बॅटचा सब-झिरो आणि एसएनके कंपनीचा टेरी बोगार्ड प्रत्येकी एकदा. लिहिताना सगळ्यात मोठा आवाज होता तो "सॅगॅट येतोय बे, लिहून ठेव" असं म्हणणाऱ्याचा.

जाहीर झालं ते अमेरिकेतल्या समर गेम फेस्टमध्ये. तारीख ७ जून, पण तिकडे दुपारी दोनला सुरू झालेला कार्यक्रम इकडे ८ जूनच्या पहाटे अडीचला सुरू होतो. नावं आली ती अशी: एम. बायसन, टेरी, माई शिरानुई, एलेना. टेरी आणि माई दोघंही एसएनकेच्या फेटल फ्युरीतले. अठ्ठावीसपैकी सात नोंदी बरोबर निघाल्या, आणि त्यातल्या पाच एकट्या बायसनच्या. माईचं नाव तक्त्यावर कुठेच नव्हतं. सॅगॅटच्या सहाही नोंदी त्या वर्षापुरत्या वाया गेल्या.

इतिहास शून्य सांगत होता

सातही जणांच्या बाजूने एक गोष्ट आधी नोंदवायला हवी. पहिला स्ट्रीट फायटर १९८७ चा. तेव्हापासून २०२४ पर्यंत क्रमांकाच्या कुठल्याही मूळ स्ट्रीट फायटरमध्ये दुसऱ्या कंपनीचा कॅरेक्टर, म्हणजे पाहुणा, आलेला नव्हता. स्ट्रीट फायटर ५ मध्ये अकिरा काझामा आली, पण ती रायव्हल स्कूल्समधली, म्हणजे कॅपकॉमच्याच घरातली. क्रॉसओव्हरसाठी कॅपकॉम नेहमी वेगळा खेळ काढत असे. १९९६ चा एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर, २००० चा कॅपकॉम व्हर्सेस एसएनके, २००८ चा तात्सुनोको व्हर्सेस कॅपकॉम, २०१२ चा स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन ही त्याची उदाहरणं. त्यामुळे अठ्ठावीसपैकी फक्त पाच नोंदी बाहेरच्या कंपन्यांच्या होत्या, यात वावगं काही नाही.

खरी चूक त्या पाच नोंदींच्या आत आहे. तीन जणांनी काझुया का लिहिला? त्यांचं कारण असं: टेक्केन ७ ला कॅपकॉमने अकुमा दिला, आता टेक्केनची मालक बान्दाई नामको परतफेड करेल. तर्क वाईट नाही. पण कंपन्यांमधलं उसनं वसूल होतंच असं नाही, आणि याचं उदाहरण याच दोन कंपन्यांचं आहे. २०१० मध्ये दोन खेळ जाहीर झाले होते, एक कॅपकॉम करणार आणि एक नामको. कॅपकॉमचा २०१२ मध्ये आला. नामकोचा टेक्केन एक्स स्ट्रीट फायटर कधीच आला नाही. शिवाय टेक्केन ८ नुकताच, २६ जानेवारी २०२४ ला बाजारात आला होता. त्याच मंचांवर, त्याच स्पर्धांमध्ये स्ट्रीट फायटर ६ शी त्याची थेट टक्कर होती. अशा वेळी समोरच्याचा सगळ्यात मोठा चेहरा आपल्या खेळात घेणं म्हणजे त्याचीच जाहिरात करणं.

एकाने टेरी लिहिला होता. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडिलांच्या टॉवेल कारखान्यात काम बघतो. त्याने कॅरेक्टरपासून सुरुवातच केली नव्हती. त्याचा प्रश्न व्यापाऱ्याचा होता: या वर्षी कोणाला कॅपकॉमची गरज आहे, आणि कॅपकॉमला त्याच्याकडून काय मिळेल? उरलेल्या सहा जणांनी "कोण आला तर मजा येईल" याचं उत्तर लिहिलं आणि त्यालाच अंदाज समजले.

एसएनके का दिसायला हवी होती

जून २०२४ च्या आधीच जे सगळ्यांसमोर होतं तेवढंच मांडू.

एसएनके कॅरेक्टर उधार देणारी कंपनी आहे, हे उघड होतं. २०१७ मध्ये गीस हॉवर्ड टेक्केन ७ मध्ये गेला. टेरी ६ नोव्हेंबर २०१९ ला निन्टेन्डोच्या सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटमध्ये (पुढे नुसतं स्मॅश) गेला. माई २०१६ मध्ये डेड ऑर अलाइव्ह ५ मध्ये आणि २०१९ मध्ये सहाव्या भागात गेली. सामुराई शोडाउनचा हाओमारू २०२० मध्ये सोलकॅलिबर ६ मध्ये गेला. चार वर्षांत चार वेगवेगळ्या मालिका. ज्याचा हात एवढा मोकळा आहे, त्याच्याशी बोलणी लवकर होतात.

दुसरं म्हणजे विकायला माल. एसएनके नवा फेटल फ्युरी करत आहे हे २०२२ मध्येच कळलं होतं, आणि सिटी ऑफ द वुल्व्ह्ज हे नाव २०२३ मध्ये आलं. त्याआधीचा फेटल फ्युरी, गारू, १९९९ चा. पंचवीस वर्षांनी मालिका परत आणायची, तर नव्या पोरांना टेरी कोण हे आधी सांगावं लागणार. त्यासाठी स्ट्रीट फायटर ६ पेक्षा चांगली जागा दुसरी नव्हती. पाहुणा कॅरेक्टर आणि त्याच्या मालकाचा नवा माल जवळजवळ येणं ही पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट आहे. स्मॅशमध्ये ड्रॅगन क्वेस्टचा हीरो ३० जुलै २०१९ ला आला आणि ड्रॅगन क्वेस्ट ११ ची स्विच आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये. बायलेथ जानेवारी २०२० मध्ये आला, त्याचा फायर एम्ब्लेम जुलै २०१९ चा. हा नियम नव्हे, कल आहे. २०२१ मध्ये काझुया स्मॅशमध्ये आला तेव्हा कुठलाही नवा टेक्केन दारात नव्हता.

तिसरं, बाजार. एसएनकेच्याच द किंग ऑफ फायटर्सचे खेळाडू मेक्सिकोपासून चीनपर्यंत पसरलेले आहेत. टेरी आणि माई त्या खेळाडूंना स्ट्रीट फायटरकडे खेचू शकतात. कॅपकॉमचा फायदा तो.

चौथं, जुना व्यवहार. १९९९ चा निओ जिओ पॉकेटवरचा खेळ, मग २००० आणि २००१ चे कॅपकॉम व्हर्सेस एसएनके, आणि २००३ चा एसएनके व्हर्सेस कॅपकॉम: केऑस. या दोन घरांनी एकमेकांचे कॅरेक्टर आधी काढले आहेत, आणि दोघांनाही एकमेकांची काम करण्याची पद्धत माहीत आहे.

या चार गोष्टींवरून एसएनके ही कंपनी ओळखता येत होती, आणि कॅरेक्टर ठरवायचाच तर टेरी हे पहिलं नाव. माई ओळखणं मात्र खरोखर अवघड होतं, कारण एकाच कंपनीला चारपैकी दोन जागा मिळतील असं मानायला कोणी तयार नव्हतं. उत्तर नंतर कळलं. सिटी ऑफ द वुल्व्ह्जच्या पहिल्या वर्षाच्या यादीत स्ट्रीट फायटरचे केन आणि चुन-ली आले. दोन दिले, दोन घेतले. तक्ता भरताना जी गोष्ट एका ओळीची वाटत होती ती मुळात दोन ओळींची होती.

मालक कोण, हे तीनदा विचारा

पोरांच्या तक्त्यावर कॅरेक्टरपुढे खेळाचं नाव होतं. मालकाचं नव्हतं. बहुतेक अंदाज इथेच फसतात, म्हणून यावर थोडं थांबायला हवं.

खेळ कोणी बनवला, कोणी विकला आणि कॅरेक्टर कोणाचा, ही तीन वेगळी उत्तरं असू शकतात. किंगडम हार्ट्सचा सोरा सगळ्यांच्या डोक्यात स्क्वेअर एनिक्सचा. पण तो डिस्नीचा आहे, म्हणून स्मॅशमध्ये तो सगळ्यात शेवटी, १८ ऑक्टोबर २०२१ ला आला. २०१५ मध्ये निन्टेन्डोने चाहत्यांकडून मतं मागवली होती, त्यात सोरा पहिला होता हे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनीच नंतर सांगितलं. मतं आणि आगमन यात सहा वर्षं गेली. बँजो-काझुई रेअरने बनवले, पण रेअर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. म्हणजे ते दोघं निन्टेन्डोच्या खेळात परत आले ते प्रतिस्पर्धी कन्सोल विकणाऱ्या कंपनीच्या परवानगीने. बायोनेटा प्लॅटिनमने घडवली, दुसरा आणि तिसरा भाग निन्टेन्डोच्या पैशाने झाला, तरी ती सेगाची. स्पॉन टॉड मॅकफार्लेन यांचा.

कॅरेक्टर मिळाला म्हणजे त्याच्यासोबतचं सगळं मिळालं असंही नाही. क्लाउड स्मॅशच्या चौथ्या खेळात आला तेव्हा फायनल फॅन्टसी सातची फक्त दोन गाणी सोबत आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये निकेलोडियन ऑल-स्टार ब्रॉल आला तेव्हा स्पंजबॉबसकट कोणालाच आवाज नव्हता, आवाज २०२२ मध्ये भरले गेले. चेहरा, संगीत, आवाज, नाव यांची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते आणि प्रत्येकीची मुदत असते. मुदत संपली की काय होतं ते मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉमच्या खेळाडूंनी पाहिलं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३ ऑनलाइन दुकानांतून काढला गेला. तो परत यायला डिसेंबर २०१६ उजाडलं.

मालक एकच असूनही दार बंद असू शकतं. सप्टेंबर २०१७ च्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिटमध्ये एकही एक्स-मेन नव्हता. वूल्व्हरिन नाही, मॅग्नेटो नाही, स्टॉर्म नाही. ही मालिका १९९६ मध्ये एक्स-मेनच्याच नावाने सुरू झाली होती. तेव्हा एक्स-मेनच्या सिनेमांचे हक्क फॉक्सकडे होते आणि डिस्नीने फॉक्सची ती खरेदी मार्च २०१९ मध्ये पूर्ण केली. कॅरेक्टर मार्व्हलचेच होते, तरी मार्व्हलने आपल्या सिनेमातले चेहरे पुढे केले असा याचा सरळ अर्थ लागतो. 'मालकाला सध्या कोणता चेहरा खपवायचा आहे' हा प्रश्न 'मालक कोण' याच्या लगेच पाठोपाठ विचारला पाहिजे.

कन्सोलही मालकासारखा वागतो. सोलकॅलिबर २ चं घरगुती रूप २००३ मध्ये आलं, तेव्हा गेमक्यूबवर लिंक, प्लेस्टेशन २ वर हेईहाची आणि एक्सबॉक्सवर स्पॉन होता. मॉर्टल कॉम्बॅटच्या २०११ च्या भागात सोनीचा क्रेटोस फक्त प्लेस्टेशनवर होता. आता एकाच खेळात सगळ्या कन्सोलचे खेळाडू एकमेकांशी लढतात, त्यामुळे हा प्रकार अवघड झाला आहे. म्हणून स्ट्रीट फायटर ६ मध्ये क्रेटोस येईल असं लिहायचं असेल तर आधी एक्सबॉक्सचा प्रश्न सोडवावा लागेल.

खेळात बसतो का

सब-झिरो लिहिणाऱ्याने हे पाहिलंच नाही. स्ट्रीट फायटर ६ मध्ये नवा फायटर घ्यायचा म्हणजे फक्त हाणामारी लिहायची नसते. क्लासिक, मॉडर्न आणि डायनॅमिक अशा तीन कंट्रोल पद्धती, तीन पातळ्यांची सुपर आर्ट, ड्राइव्ह इम्पॅक्टसकट सगळी ड्राइव्ह व्यवस्था, हे सगळं लागतं. वर, वर्ल्ड टूर या गोष्टीच्या भागात त्याला गुरू व्हावं लागतं. खेळाडूने बनवलेला कोणताही अवतार त्याच्याकडून चाली शिकतो आणि त्या इतर गुरूंच्या चालींशी मिसळून वापरतो. म्हणजे मालकाने अशी परवानगी द्यायची की आमच्या कॅरेक्टरची ओळखीची चाल कोणत्याही अनोळखी चेहऱ्याने मारली तरी चालेल. एसएनकेला यात अडचण नव्हती. टेरीची पॉवर वेव्ह, बर्न नकल, क्रॅक शूट आणि रायझिंग टॅकल स्ट्रीट फायटरच्या व्याकरणातच बसतात. सब-झिरोची ओळख फेटॅलिटीशी, म्हणजे हरलेल्याला क्रूरपणे ठार मारणाऱ्या शेवटच्या चालीशी, बांधलेली आहे. ती काढली तर मालकाला काय उरलं, आणि ठेवली तर कॅपकॉमच्या खेळाचं वय-प्रमाणपत्र बदलेल.

वय-प्रमाणपत्र ही बारीक गोष्ट वाटते, पण ती निर्णय फिरवते. टेरी स्मॅशमध्ये आला तेव्हा त्याच्या मैदानात मागे किंग ऑफ फायटर्सचे कितीतरी जण दिसत होते, माई नव्हती. लहान मुलांच्या खेळात तिचा पोशाख बसत नाही, हे कारण साकुराई यांनी सांगितलं होतं. तीच माई पाच वर्षांनी स्ट्रीट फायटर ६ च्या यादीत आली.

कधीकधी खेळच वाकवावा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये माइनक्राफ्टचा स्टीव्ह स्मॅशमध्ये आला, तेव्हा त्याला जमिनीतून माती-दगड काढता यावेत आणि विटा रचता याव्यात म्हणून आधीची सगळी मैदानं दुरुस्त करावी लागली. एवढा खर्च कंपनी क्वचित करते.

लीकवर विश्वास कधी ठेवायचा

तक्ता भरताना दोघांनी मोबाइलवरची एक 'लीक' यादी समोर ठेवली होती. त्यात सगळी लाडकी नावं होती. हीच तिची खोट.

दोन जुनी उदाहरणं शेजारी ठेवा. ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी स्मॅश अल्टिमेटचा एक फलक फोटोत दिसला. त्यात बँजो, जीनो, शॅडो, आयझॅक, केन वगैरे. त्यासोबत ग्रिंच सिनेमाचं साहित्य असल्याने त्याला ग्रिंच लीक म्हणतात. १ नोव्हेंबरला निन्टेन्डोने मूळ यादीतली शेवटची नावं सांगितली, ती केन आणि इन्सिनरोर. फलक खोटा ठरला, जरी केनचं नाव त्यावर बरोबर होतं. बँजो पुढच्या वर्षी वेगळ्या वाटेने आला, त्यानेही फलक खरा होत नाही. याउलट जून २०२२ मध्ये स्ट्रीट फायटर ६ ची बावीस चित्रं फुटली. त्यात मानोन, मारीसा, जेपी, लिली, ए.के.आय. अशी माणसं होती, ज्यांना तोवर कोणी ओळखत नव्हतं. कॅपकॉमने लीक झाल्याचं मान्य केलं आणि बावीसही खरे निघाले, अठरा पहिल्या दिवशी आणि चार पहिल्या वर्षात.

खोटी यादी बनवणारा लोकांना हवं तेच लिहितो. खऱ्या यादीत कोणी न मागितलेली नावं असतात. हातात यादी आली की आधी न ओळखता येणारी नावं मोजा. एकही नसेल तर ती बाजूला ठेवा.

पोशाखांनीही असाच चकवा दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ६ मध्ये निंजा टर्टल्स आले, पण ते फक्त अवतारासाठीचे पोशाख होते. एकाने त्यावरून 'आता टर्टल फायटर येणार' असं मांडलं होतं. पोशाखाचा करार स्वस्त आणि छोटा असतो. स्मॅशमध्ये तर उलट चित्र दिसलं. 'मी' (Mii) या खेळाडूने स्वतः बनवायच्या फायटरसाठी ज्याचा पोशाख आला, तो सहसा पुढे स्वतः फायटर झाला नाही. सॅन्स, कपहेड आणि जीनोचे चाहते हे विसरणार नाहीत.

वेळेचं गणितही चुकलं होतं. जाहीर होण्याच्या दोन आठवडे आधी बाकीचे सहा जण 'आता लोकांची मागणी वाढतेय' म्हणत होते. टॉवेल कारखान्यातल्याने तेव्हाच सांगितलं होतं की जकार्डची कार्डं पंच झाली आणि बीम लूमवर चढला की गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं तरी डिझाइनमध्ये फूल वाढत नाही. स्मॅशच्या बाबतीत तर हे जाहीरच होतं. जानेवारी २०२० मध्ये बायलेथ दाखवताना साकुराई म्हणाले की पुढचे सहाही ठरलेले आहेत. त्यातला शेवटचा ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. मागणीचा परिणाम व्हायचा असेल तर तो दीड-दोन वर्षं आधी झालेला असतो.

दुसरा तक्ता, उलटी चूक

पुढच्या वर्षी, मे २०२५ मध्ये, तिसऱ्या वर्षासाठी पुन्हा कागद लागला. या वेळी सातही जणांनी किमान एक पाहुणा लिहिला, पाच जणांनी दोन. आला एकही नाही. सॅगॅट, सी. वायपर, अ‍ॅलेक्स, इंग्रिड: चौघेही कॅपकॉमच्या घरचे. वर्षभर आधी चुकलेला सॅगॅट आता बरोबर आला, आणि या वेळी तो फक्त दोघांनी लिहिला होता.

एका उदाहरणाचा नियम केला, एवढंच झालं. पद्धत वापरली असती तर ती वाचली असती. मे २०२५ मध्ये कॅपकॉमशी नवी देवाणघेवाण कोणाची दिसत होती? एसएनकेचा व्यवहार चालूच होता, केन आणि चुन-ली त्याच वर्षी फेटल फ्युरीत जाणार होते. जुनी जोडी अजून फेडली जात होती, नवी जोडी दिसत नव्हती. मग घरचेच चार, हे सगळ्यात सरळ उत्तर. टॉवेलवालासुद्धा या वेळी चुकला. त्याने टेरी ओळखल्याच्या जोरावर किंग ऑफ फायटर्सचा क्यो लिहिला होता.

आता भिंतीवर काय आहे

तिसऱ्या कागदावर पुढच्या स्मॅशचा विचार आहे. तो खेळ अजून जाहीर झालेला नाही, म्हणून घाई नाही. या कागदाची रचना बदलली आहे. डावीकडे कॅरेक्टर नाहीत, कंपन्या आहेत. प्रत्येकीपुढे चार रकाने: शेवटचं काय दिलं आणि कधी, मालकीत आणखी कोणाचा हात आहे, येत्या वर्षात निन्टेन्डोच्या कन्सोलवर काय विकायचं आहे, आणि समोरच्याला बदल्यात काय मिळेल. चारही भरल्यावरच पाचव्या रकान्यात नाव, आणि तेही पेन्सिलने.

स्क्वेअर एनिक्सची ओळ सगळ्यात लांब आहे. क्लाउडची घोषणा २०१५, हीरो २०१९, सेफिरोथ २०२०, आणि सोरापुढे दुसऱ्या रकान्यात डिस्नी. कॅपकॉमच्या ओळीत मेगा मॅन २०१४, र्‍यू २०१५, केन २०१८. तिसऱ्या रकान्यात स्ट्रीट फायटर ६, जो ५ जून २०२५ ला स्विच २ सोबतच त्या कन्सोलवर आला. मायक्रोसॉफ्टच्या ओळीत बँजो आणि स्टीव्ह, आणि ऑक्टोबर २०२३ पासून अ‍ॅक्टिव्हिजन घेतल्यामुळे क्रॅश बँडिकूटही. पाचवा रकाना तिन्ही ओळींत अजून रिकामा आहे. कॅपकॉमपुढे कोणीतरी चुन-ली लिहून ठेवलं होतं, पण चौथा रकाना भरलेला नसल्यामुळे ते खोडलं गेलं.